कुसहाची फूट: कोसी खोऱ्यातल्या एका प्रवाहांतराचं प्रकरण

१८ ऑगस्ट २००८, सोमवार. नेपाळच्या सुनसरी जिल्ह्यात कुसहा नावाच्या गावापाशी कोसी नदीचा पूर्वेकडचा तटबंध फुटला. बिहारच्या सीमेवरचा कोसी बॅरेज, म्हणजे नदीवरचा दारांचा बंधारा, तिथून खाली जेमतेम बारा-तेरा किलोमीटरवर. त्या दिवशी नदीत साधारण १ लाख ४४ हजार क्युसेक पाणी वाहत होतं. आणि हा तटबंध किती पाण्यासाठी बांधला होता? ९ लाख ५० हजार क्युसेक. म्हणजे झेपायला हवं होतं त्याच्या एक-षष्ठांशाहूनही कमी पाणी असताना बांध गेला.

माझ्या दृष्टीने सगळं प्रकरण या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे. बातम्यांत ‘महापूर’ हा शब्द आला, सरकारी कागदांतही तोच राहिला. पण पूर म्हणजे नदीत मावणार नाही इतकं पाणी येणं, आणि इथे पाणी भरपूर मावत होतं. नदी काठावरून सांडली नाही, तिने काठ फोडला आणि वाटच बदलली. भूरूपशास्त्रात याला प्रवाहांतर म्हणतात. पुराचा आणि प्रवाहांतराचा इलाज वेगवेगळा असतो, म्हणून हा शब्दांचा काथ्याकूट नाही.

आपल्या नदीवरून ही नदी समजत नाही

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे नदी म्हटलं की कातळ येतो. कृष्णा असो, भीमा असो, गोदावरी असो, आपल्या नद्यांनी काळ्या पाषाणात आपलं पात्र कोरून घेतलंय. पावसाळ्यात पाणी चढतं, मळईच्या रानांत शिरतं, प्रसंगी अख्खं शहर आठवडाभर पाण्यात ठेवतं, आणि मग मुकाट्याने आपल्या पात्रात परत जातं. नदी उद्या दुसऱ्या तालुक्यातून वाहील, ही शंका आपल्या मनाला शिवत नाही.

कोसीचं तसं नाही. हिमालयात सात प्रवाह मिळून ती होते, म्हणून तिला सप्तकोशी म्हणतात: इंद्रावती, सुनकोशी, तामाकोशी, लिखू, दूधकोशी, अरुण आणि तमोर. एव्हरेस्ट आणि कांचनजंगा ही दोन्ही शिखरं तिच्या पाणलोटात येतात. अरुण तर हिमालयाच्या पलीकडून, तिबेटातून येते. त्रिवेणीपाशी सुनकोशी, अरुण आणि तमोर एकत्र होतात, थोडं अंतर अरुंद घळीतून जातात आणि चतरा इथे डोंगर एकदम संपतो. पुढे थेट गंगेपर्यंत सपाट मैदान.

नदीचा स्वभाव ठरतो तो या चतऱ्यापाशी. घळीत पाण्याला जोर असतो, त्या जोरावर ते दगड, गोटे, वाळू, माती असं सगळं ढकलत आणतं. मैदान लागलं की उतार मोडतो. चतऱ्याच्या आसपास किलोमीटरला एखादा मीटर असलेला उतार गंगेजवळ कुरसेल्याला पोचेपर्यंत किलोमीटरला काही सेंटिमीटरवर येतो. जोर गेला की ओझं टाकावं लागतं. आधी दगडगोटे पडतात, मग जाड वाळू, मग बारीक वाळू, आणि शेवटी पोयटा. एका जागी टाकून टाकून तिथे उंचवटा तयार झाला की पाणी शेजारच्या खोलगट वाटेने जातं. मग तीही भरते. असं हजारो वर्षं चालत आलंय. त्यातून चतरा हे टोक धरून उघडलेल्या पंख्यासारखी जमीन तयार झाली आहे, साधारण १८० किलोमीटर लांब आणि १५० किलोमीटर रुंद. जगातल्या सगळ्यात मोठ्या गाळपंख्यांत तिची गणना होते. उत्तर बिहारचं सुपौल, सहरसा, मधेपुरा, अररिया, पूर्णिया हे सगळं त्या पंख्यावर बसलेलं आहे.

या प्रदेशाचं उपग्रहचित्र एकदा तरी नीट मोठं करून पाहावं. वरवर हिरवी-करडी चौकटींची शेतं दिसतात. नजर ठरली की त्या चौकटींच्या खालून फिकट वळणं उमटू लागतात: चंद्रकोरीसारखी तळी, शेतांच्या बांधांना न जुमानता जाणारे ओलसर पट्टे, एकमेकांना छेदणाऱ्या जुन्या वेलांट्या. सगळ्यांचा रोख चतऱ्याकडून दक्षिणेला आणि आग्नेयेला. ही कोसीने सोडलेली पात्रं. तिथले लोक त्यांना ‘धार’ म्हणतात. सौरा, हिरन, धेमुरा, तिलावे, सुरसर अशी त्यांची नावं आहेत. खोलगट, पाणी साचणाऱ्या जमिनीला ‘चौर’ म्हणतात. चौरात मासे मिळतात, उथळ तळ्यांत माखाना होतो, पाणी ओसरलं की ओलीवर पीक निघतं. पुराच्या पाण्यालासुद्धा एकच नाव नाही. बोह, हुम्मा, साह आणि मग प्रलय, अशी चढत जाणारी नावं आहेत. पाण्याशी इतकी वर्षं घरोबा असलेली माणसंच असा हिशेब ठेवतात.

पात्र सरकण्याचा पहिला नीट अभ्यास आपल्याकडचा आहे, हे इथे सांगायलाच हवं. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथले सी. व्ही. गोळे आणि एस. व्ही. चितळे यांनी १९६६ मध्ये कोसीच्या गाळ टाकण्याच्या रीतीवर शोधनिबंध लिहिला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्णियाजवळून वाहणारी नदी सव्वादोनशे वर्षांत शंभराहून जास्त किलोमीटर पश्चिमेला गेली, असं त्यांनी दाखवलं. जुने नकाशे पुन्हा तपासणाऱ्या नंतरच्या अभ्यासकांनी त्यात दुरुस्ती केली: हा प्रवास एका दिशेचा, पायरीपायरीचा नव्हता, नदी पुढे-मागेही हलली होती. एक गोष्ट मात्र कोणीच नाकारली नाही, ती म्हणजे या नदीला स्थिर पात्र नाही.

बांध कसा आला

१९३७ साली पाटण्याला पूरपरिषद भरली. तेव्हाचे बिहारचे मुख्य अभियंता कॅप्टन जी. एफ. हॉल तटबंधांच्या विरोधात होते. तटबंधाने पूर थांबत नाही, तो साठवून पुढच्या पिढीवर ढकलला जातो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९४० च्या दशकात बराहक्षेत्रापाशी, म्हणजे डोंगरातच, २०० मीटरहून उंच धरण बांधण्याचा विचार पुढे आला. खर्च डोईजड होता. ते धरण आजही कागदावरच आहे.

मग १९५३ चा पूर आला. स्वातंत्र्य मिळून सहा वर्षं झाली होती आणि लोकांना उत्तर हवं होतं, लवकर हवं होतं. १९५४ मध्ये कंवर सेन आणि के. एल. राव हे दोन नामवंत अभियंते चीनला गेले, तिथल्या पीत नदीचे तटबंध त्यांनी पाहिले आणि परत येऊन अनुकूल मत दिलं. या ठिकाणी मी वाचताना दर वेळी थांबतो. पीत नदी हे गाळाने भरलेल्या, तटबंधांत कोंडलेल्या नदीचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण आहे. तिचा तळ काठच्या शहरांपेक्षा उंच गेलेला आहे आणि तिने तटबंध फोडून कित्येकदा वाट बदललेली आहे. कोसीवर तटबंध घालू नये, याचा इतका ठळक पुरावा दुसरीकडे मिळाला नसता. तोच तटबंधाच्या बाजूने वापरला गेला. या दोघांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. देशापुढे पैसा कमी आणि घाई मोठी होती, आणि त्या घाईत जे परवडतं ते पटतंही.

२५ एप्रिल १९५४ ला भारत आणि नेपाळमध्ये कोसी करार झाला, १९६६ मध्ये तो सुधारला गेला. जानेवारी १९५५ मध्ये तटबंधांचं काम सुरू झालं. हजारो लोकांनी श्रमदान केलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ५६ दारांचा बॅरेज उभा राहिला. दोन्ही काठांवर मिळून दोनशे किलोमीटरहून लांब मातीचे बांध झाले. दोन बांधांमधलं अंतर कुठे पाच-सहा किलोमीटर, कुठे पंधराच्या आसपास. या दोन बांधांच्या पोटात सुमारे ३८० गावं राहिली. ती आजही आहेत. बाहेरच्यांना वाचवण्यासाठी आतल्यांनी दरवर्षी पाण्यात जायचं, असा तो सौदा होता, आणि आतल्यांना कोणी विचारलं नव्हतं. हे पूर्ण वेगळं प्रकरण होईल. इथे त्याला दोनच ओळी देतोय याची मला टोचणी आहे.

गाळाचा हिशेब

चतऱ्यापाशी कोसी वर्षाला साधारण १० कोटी टन गाळ घेऊन मैदानात उतरते. १० टनी ट्रकात भरायचा म्हटला तर एक कोटी ट्रक लागतील. म्हणजे वर्षभर, रात्रंदिवस, दर मिनिटाला १९ ट्रक.

पूर्वी हा गाळ अख्ख्या पंख्यावर पसरायचा, बोटभर थर इथे, वीतभर तिथे, आणि त्यावरच शेतं पिकायची. तटबंध आल्यावर तो दोन भिंतींमध्ये कोंडला गेला. त्यात बॅरेजमुळे वरच्या अंगाला पाण्याचा वेग मंदावला, म्हणजे चतरा ते बॅरेज या तुकड्यात गाळ पडायला आणखी सोय झाली. ढोबळ हिशेब करून पाहू. १० कोटी टनांपैकी पाचवा भाग जरी या तुकड्यात राहिला, तरी ते वर्षाला २ कोटी टन झाले, म्हणजे साधारण १ कोटी ३० लाख घनमीटर. बांधांमधलं पात्र २५० चौरस किलोमीटर धरलं तर दरवर्षी पाच सेंटिमीटरचा थर बसतो. पाच सेंटिमीटर म्हणजे तीन बोटं. डोळ्यांना दिसणार नाही. पण बॅरेज झाल्यापासून २००८ पर्यंत पंचेचाळीस वर्षं झाली होती. पंचेचाळीस गुणिले पाच, म्हणजे सव्वादोन मीटर.

बाहेरची जमीन मात्र होती तिथेच होती. तिला गाळ मिळायचा बंद झाला होता. त्यामुळे नदीचा तळ बांधाबाहेरच्या शेतांपेक्षा उंच गेला. तटबंधावर उभं राहून एकीकडे नदी आणि दुसरीकडे गाव पाहिलं तर गाव खाली दिसतं. ज्याला आपण नदीकाठ म्हणतो तो तिथे छताच्या कठड्यासारखा झाला होता.

पाणी उतार शोधतं, एवढं एक सूत्र धरलं तरी पुढचं कळतं. पात्राच्या आत, दक्षिणेला, उतार गाळाने भरून सपाट होत चालला होता. पात्रातून बाहेर, पूर्वेला, उतार दरवर्षी वाढत होता. नदी बाहेर पडायला टपलेली होती आणि तिच्यामध्ये उभा होता फक्त एक मातीचा बांध. त्यातून आणखी एक गोष्ट घडत होती: बॅरेजच्या वर मुख्य धार हळूहळू पूर्वेच्या तटबंधाकडे सरकत आली होती. उपग्रहचित्रांत ते वर्षागणिक दिसत होतं. आयआयटी कानपूरचे राजीव सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटीनंतर हे सगळं सविस्तर मांडलं.

तेरा दिवस

तटबंधाला नदीचा थेट मार बसू नये म्हणून त्याच्यापासून नदीत काटकोनात दांडे काढलेले असतात. त्यांना स्पर म्हणतात. आत माती, बाहेरून तारेच्या जाळीत भरलेले दगड. धार या दांड्याच्या नाकावर आपटते आणि तटबंधापासून लांब ढकलली जाते.

नाकाशी काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. आपटलेलं पाणी तळाकडे वळतं आणि तिथे भोवरा धरतो. तळाला खडक नाही, वाळू आहे. भोवरा वाळू उकरतो, खळगा पडतो. तो खळगा भरून निघावा म्हणून नाकाभोवती सुटे दगड अंथरलेले असतात. ते घरंगळत खाली जातात आणि खळग्याला अस्तर होतं. असं ते काम करावं अशी योजना असते. पण दगड कमी असतील, किंवा दुरुस्ती वेळेवर झालेली नसेल, तर खळगा दगडांपेक्षा वेगाने वाढतो. मग जाळी लोंबकळते, तुटते, मागची माती उघडी पडते. एकदा माती उघडी पडली की हिशेब तासांचा होतो.

कुसहाजवळचे दोन स्पर ५ ऑगस्टच्या सुमाराला खचायला लागले होते. फूट झाली १८ तारखेला. मधे तेरा दिवस होते. तटबंध नेपाळच्या भूमीवर, देखभालीची जबाबदारी करारानुसार भारताची, प्रत्यक्ष काम बिहार राज्याच्या यंत्रणेचं. दगड, तारेच्या जाळ्या, मजूर हे सगळं एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचं, ऐन पावसाळ्यात. पुढे त्याची न्यायालयीन चौकशी झाली. त्या तेरा दिवसांत काय व्हायला हवं होतं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि दिरंगाईचा जाब विचारायलाच हवा. पण समजा त्या तेरा दिवसांत सगळं वेळेवर पोचलं असतं आणि ते दोन स्पर वाचले असते, तर? त्या वर्षी नदी आत राहिली असती. तळ मात्र पुढच्या वर्षी आणखी तीन बोटं वर आला असता.

नदी कुठे गेली

सुरुवातीला फूट लहान होती. नंतर ती रुंदावत दीड-दोन किलोमीटरची झाली. कोसीचं बहुतेक सगळं पाणी, चार-पंचमांशाहून जास्त, नव्या वाटेला लागलं. बॅरेजची ५६ दारं जागच्या जागी होती, पण त्यांच्याखालून वाहायला नदीच उरली नव्हती.

नवी वाट मुळात नवी नव्हती. पाणी सुरसर आणि तिच्यासारख्या जुन्या धारांच्या खोलगट पट्ट्यांतून गेलं. उपग्रहचित्रातल्या ज्या फिकट रेषांचं मी वर वर्णन केलं, त्याच रेषा ऑगस्टअखेरीस पाण्याने ठळक झाल्या. नकाशा आधीपासून उपलब्ध होता. बीरपूर, बसंतपूर, छातापूर, प्रतापगंज, त्रिवेणीगंज, कुमारखंड, मुरलीगंज अशी गावं आणि तालुके एकामागून एक पाण्याखाली गेले. पाण्याचा पट्टा काही ठिकाणी पंधरा-वीस किलोमीटर रुंद होता. त्याला धड पात्र नव्हतं, काठ नव्हते. नेपाळमध्ये पूर्व-पश्चिम महामार्ग तुटला. सुनसरीत हजारो लोक बेघर झाले. बिहारमध्ये सुपौल, मधेपुरा, अररिया, सहरसा आणि पूर्णिया या पाच जिल्ह्यांत ३० लाखांहून जास्त लोकांना फटका बसला. २८ ऑगस्टला पंतप्रधानांनी पाहणी करून ही राष्ट्रीय आपत्ती असल्याचं जाहीर केलं आणि १,००० कोटी रुपयांची मदत दिली.

या भागात नुकसान इतकं का झालं, हे पाण्याच्या प्रमाणावरून कळत नाही. त्याची कारणं जमिनीवर आहेत.

पहिलं कारण, हा ‘सुरक्षित’ भाग होता. पूर्व तटबंध झाल्यापासून इथे कोसीचं पाणी आलेलं नव्हतं. दोन पिढ्या कोरड्यात वाढल्या होत्या. तटबंधाच्या आत राहणाऱ्याच्या दारात होडी असते, घर बांबू-गवताचं आणि उचलून नेण्यासारखं असतं, कोणत्या उंचवट्यावर पळायचं हे लहान पोरालाही ठाऊक असतं. बाहेर यातलं काहीही उरलेलं नव्हतं. नावा नव्हत्या, नावाडी नव्हते. पाणी येतंय असं सांगितल्यावरही पुष्कळांना ते खरं वाटेना. पन्नास वर्षं ज्याने पाठ राखली त्या बांधावरचा तो विश्वास होता. त्यांना मी दोष देऊ शकत नाही.

दुसरं कारण रस्त्यांचं. पंख्याचा उतार उत्तरेकडून दक्षिणेला आणि आग्नेयेला. माणसांची ये-जा मात्र पूर्व-पश्चिम. त्यामुळे रस्ते, रेल्वेमार्ग आणि बॅरेजमधून निघणारा पूर्व कोसी कालवा, हे सगळे उंच भरावावरून पाण्याच्या वाटेला आडवे गेलेले. प्रत्येक भराव म्हणजे एक आडवा बांध. भरावाखालच्या मोऱ्या पावसाचं पाणी जाण्यापुरत्या, नदी जाण्यापुरत्या नव्हेत. आणि जुन्या धारा आता कधी वाहायच्या नाहीत असं धरूनच त्या ठरवलेल्या. पाणी प्रत्येक भरावाला अडलं, फुगलं आणि मग भराव फोडून पुढे गेलं. मुरलीगंजच्या बाजूचा लोहमार्ग असाच वाहून गेला. कालवाही ठिकठिकाणी फुटला.

तिसरं कारण धारांचं स्वतःचं. पाणी नसलेली धार ही जमीनच दिसते, आणि सपाट प्रदेशात जमिनीचा तुकडा कोण सोडतो? शेती झाली, घरं झाली, कुठे तळी झाली, कुठे धारेचं तोंड बुजवून रस्ता गेला. नदीला जायला वाट हवी होती, त्या वाटेवर गाव वसलेलं होतं.

नंतर उरलेली वाळू

पाणी ओसरलं. फुटीच्या जागेपासून नदी जुन्या पात्रात वळवून भगदाड जानेवारी २००९ मध्ये बुजवण्यात आलं. हिवाळ्यात नदी अशक्त असते म्हणून ते जमलं. अभियंत्यांचं ते काम मोठं होतं, आणि त्याची म्हणावी तेवढी दखल घेतली गेली नाही.

पण लोक घरी परतले ते वाळूवर. कोसीचा पूर ओसरला की मागे पोयटा राहतो, त्यावर गाळपेर होते, हा जुना अनुभव. तो पसरून, संथपणे आलेल्या पाण्याचा अनुभव आहे. भगदाडातून सुटलेलं पाणी संथ नसतं. ते पात्राच्या तळाची जाड वाळू घेऊन येतं आणि फुटीच्या जवळच्या शेतांवर टाकून देतं. शेताचा उभा छेद घेतला तर वर फिकट, पाण्यात धुतलेली, चमकणारी वाळू. बोटांत धरली तर मुठीतून गळून जाईल अशी. तिच्याखाली एक सरळ रेघ, आणि रेघेखाली पूर्वीची गडद, दमट माती, काही ठिकाणी त्यात उभ्या पिकाची दबलेली धाटं. कुठे हा थर वीतभर, कुठे त्याहून पुष्कळ जास्त. वीतभर असेल तर नांगरून मिसळता येतो. त्याहून जाड असेल तर खरवडून उचलायला हवा, आणि उचलून टाकायचा कुठे? शेजारी दुसऱ्याचं शेत. एका बिघ्याचा मालक एवढा खर्च कुठून करणार? वाळूवर आधी काश गवत उगवतं, शरदात पांढरे तुरे येतात, लांबून सुंदर दिसतं. ज्याचं शेत आहे त्याला ते नापिकीचं निशाण वाटतं.

बांध-बंदिस्तीच्या नोंदी हिशेबात घेतल्या तर कुसहा हा अपघात म्हणता येत नाही. १९६३ मध्ये, बॅरेज नवाकोरा असताना, नेपाळात डलवा इथे पहिली फूट झाली. ५ ऑक्टोबर १९६८ ला नदीत ९ लाख १३ हजार क्युसेक पाणी आलं, नोंदींतलं सर्वाधिक, आणि दरभंग्यात जमालपूरजवळ बांध फुटला. १९८४ मध्ये सहरशातल्या नवहट्ट्याजवळ. १९९१ मध्ये नेपाळात जोगिनियाला तटबंध थोडक्यात वाचला. कधी पूर्वेला, कधी पश्चिमेला; कधी पाणी खूप, कधी माफक. माफक पाण्यात होणाऱ्या फुटींनी खरं तर सावध व्हायला हवं होतं. दुसरीकडे राज्यभराचं चित्र असं: १९५४ मध्ये बिहारमध्ये सुमारे १६० किलोमीटर तटबंध होते आणि पूरप्रवण जमीन २५ लाख हेक्टर. पुढच्या चार दशकांत तटबंध तीन हजार किलोमीटरच्या वर गेले आणि १९९४ पर्यंत पूरप्रवण जमीन ६८ लाख हेक्टरच्या पलीकडे गेली. सगळी वाढ तटबंधांनीच केली असं मी म्हणणार नाही, मोजण्याची पद्धत आणि वस्तीही बदलली आहे. पण बांध वाढले आणि पूर घटला, असं म्हणायला या आकड्यांत जागा नाही.

मग करायचं काय

तटबंध पाडून टाका असं म्हणणं सोपं आहे. बाहेर लाखो लोक राहतात, त्यांची घरं, शाळा, दवाखाने त्या बांधाच्या भरवशावर उभे आहेत. उद्या बांध काढला तर रोज एक कुसहा होईल. उंच धरणाचा पर्यायही दर मोठ्या पुरानंतर वर येतो. भूकंपाचा प्रदेश, दोन देश, आणि १० कोटी टन गाळ धरणाच्या पोटात किती वर्षं मावणार, या तीन प्रश्नांपैकी शेवटचा मला सगळ्यात अवघड वाटतो.

जमण्यासारखं जे आहे ते कमी आकर्षक आहे. धारा उघड्या करणं, म्हणजे बुजलेली तोंडं मोकळी करणं, रस्त्यांखालच्या मोऱ्या नदी धरून रुंद करणं, आणि पावसाळ्यात नदीचं थोडं पाणी थोड्या गाळासह त्या वाटांनी नियंत्रितपणे जाऊ देणं. त्यात जमीन जाते, वाद होतात, आणि उद्‌घाटनाला मोठी भिंत नसते. तरीही पंख्याची रचना पाहता मला दुसरी वाट दिसत नाही, कारण नदी त्या वाटा घेणारच आहे. आपल्या हातात एवढंच उरतं की तिने त्या एकदम घ्याव्यात की टप्प्याटप्प्याने.

दुसरं, गाळ मोजणं. बॅरेजवर किती क्युसेक आलं हे दर तासाला कळतं, पावसाळ्यात ते बातमीत येतं. तळ कुठे किती वर आला, बांधाच्या आतली आणि बाहेरची पातळी यांत किती फरक पडला, मुख्य धार कोणत्या स्परपासून किती मीटरवर आहे, हे त्याच ठळकपणे गावापर्यंत पोचत नाही. २००८ मध्ये पाण्याचा आकडा धोक्याच्या कितीतरी खाली होता आणि म्हणूनच लोक निर्धास्त होते. धोक्याची पातळी पाण्यावर मोजली जात होती आणि धोका तळाशी होता.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस कोसी बॅरेजमधून ६ लाख ६१ हजार क्युसेक पाणी सोडावं लागलं. १९६८ नंतर, म्हणजे ५६ वर्षांत, इतकं पाणी आलं नव्हतं. त्या रात्री दरभंगा जिल्ह्यात किरतपूर भागातल्या भुभौल गावापाशी पश्चिमेचा तटबंध फुटला. आकडा पुन्हा साडेनऊ लाखांच्या बराच खाली होता. या वेळी कुसहाची बाजू टिकली आणि पाणी दुसऱ्या काठाने बाहेर पडलं, तेही बाहेरच्या खोल जमिनीकडे.